कोरी चौकट

१२ सप्टेंबर

माझ्या सुईबाई,

पाकीट बघून तोंड वाकडं केलंस ना? कर, कर. ते तुला लहानपणापासून शोभतं. अक्षर माझंच आहे, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. दुसरीपर्यंतच्या शाळेत आलं तेवढं आलं, बाकीचं धुलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या लावून लावून आलं. म्हणून माझी वाक्यं तुला सदऱ्याच्या कॉलरवर टाचल्यासारखी वाटतील. पत्र वेल्डरच्या वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकते, कारण तुझ्या घराचा पत्ता दादा देत नाही. विचारलं की त्याला लगेच काहीतरी आणायला बाहेर जायचं असतं. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, काळा चष्मा काढा आणि पाकीट आधी बायकोच्या हातात द्या.

बातमी अशी की मी वंशावळ मंडळात जाते. हसू नकोस. डॉक्टर म्हणाला, गुडघे चालवा. म्हणून मी वाचनालयापर्यंत चालत जायला लागले, आणि तिथे खाली पंखा नाही म्हणून जिना चढून वर गेले. वर बघते तर दहाबारा माणसं मोठमोठ्या कागदांवर वाकलेली. मला वाटलं, शिवणकामाचा वर्ग. एकीला म्हटलं, "बाही फार आखूड बेतताय." ती म्हणाली, "ही बाही नाही हो, माझ्या पणजोबांची दुसरी बायको आहे." मी तिथेच बसले ती आजतागायत उठले नाही.

मंडळाच्या कार्यवाह शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या मला म्हणाल्या, "बसा आजी." माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असेल फार तर! पण मी सोडून दिलं. म्हटलं, आजी तर आहेच मी. त्यांनी लगेच पेन्सिल उचलली. "किती नातवंडं?" मी म्हटलं, "एकच. दादाला मूलबाळ नाही, लेकीचं एक आहे." त्या म्हणाल्या, "नाव सांगा."

आता काय सांगणार? मी म्हटलं, "लाडाचं सांगू की खरं?" आणि असा खोकला काढला की मला पाणी आणून दिलं. ती वेळ टळली. पण त्या दिवसापासून मी इरेला पेटले आहे. अठरा वर्षं झाली, माझ्या एकुलत्या एका नातवंडाचं नाव मला माहीत नाही, आणि मुलगा की मुलगी तेही नाही. ते मला या कागदावर हवं आहे.

बाकीचा कागद मी भराभर भरला. नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या दप्तरात एक कारकून आहे, तो बोलता बोलता कंगव्यानं भांग पाडत असतो. त्याच्याकडून मी जुन्या नोंदी काढल्या. तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आठवतंय ना कशा सांगायच्या, "आमच्या घराण्यात सगळं सरळ रेषेत"? त्यांचा जन्म त्यांच्या आईबापांच्या लग्नाआधी पाच महिने! मी त्या कारकुनाच्या टेबलावर हात आपटून हसले. त्याचा कंगवा खाली पडला. घरी येऊन सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "काय हो, सरळ रेषा?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मंडळाच्या कागदावर दोन्ही तारखा ठसठशीत घातल्या.

मेलेल्यांचं हेच बरं असतं. मंडळाचा नियमच आहे. मेलेल्या माणसाचं नाव आणि दोन्ही तारखा घालायच्या, त्याला विचारावं लागत नाही. जिवंत माणसाची मात्र चौकट कोरी ठेवायची. नुसती चौकट, आत काही नाही. त्यानं स्वतः सही करून दिली तरच नाव. पोराची सही आईनं करायची. म्हणून दोन छापील कागद पाठवते आहे, एक तुझा, एक तुझ्या पोराचा. सही कर आणि टाक. ऑक्टोबरच्या शेवटी वंशावळींचं प्रदर्शन आहे. आपल्या कागदावर तुझ्या ठिकाणी भोक बरं दिसत नाही, पुढचा दात पडल्यासारखं दिसतं.

नाहीतर माझ्याकडे दुसरा उपाय आहे. पत्त्यांत मी तुला एकदाही जिंकू दिलं नव्हतं, ते विसरू नकोस. पाच वर्षांची होतीस, रडून रडून उचकी लागायची, तरी दिलं नाही. लोक म्हणायचे, अहो, हरा की एकदा लेकरासाठी. मी म्हणायचे, बाहेर कोण हरणार आहे तिच्यासाठी?

तुझी आई,
धडधाकट

३ ऑक्टोबर

सुईबाई,

पत्र परत आलं नाही म्हणजे तुला मिळालं. सही आली नाही म्हणजे तू आहेस तशीच आहेस. ठीक. मी तुला मारून टाकलं.

घाबरू नकोस, कागदावर. नियम असा की मृत्यूची नोंद सापडत नसेल तर दोन जवळच्या नातेवाइकांच्या सह्या चालतात. एक मी. दुसरा दादा. तो ओट्याशी भांडी विसळत होता. मी कागद पुढे केला. त्यानं ओल्या हातानंच वाचला आणि नळ बंद केला.

म्हणाला, "आई, हे काय आहे?"

"तुझी बहीण. मेली."

"आई, त्या घरात आणखी मरण लिहू नकोस."

मी म्हटलं, "आणखी काय रे? अजून एकही लिहिलेलं नाही. हे पहिलंच."

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. तुला माहीत आहे ना त्याचं ते बघणं, दूध उतू जाताना बघतो तसं. मग म्हटलं, "सही करतोस की मी तुझंही नाव घालू?" तेव्हा केली. इतका दाब देऊन की पेनचं टोक कागदाच्या पार गेलं. मागून चिकटपट्टी लावावी लागली. दादाला विनोद कळत नाही, तो त्याच्या बापावर गेला आहे.

पण काय देखणं आलंय तुझं नाव! मंडळात एक रंगारी आहे, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तो सगळ्यांची नावं घालतो. काळ्या शाईत, टपोरं. तारीख तुझ्या वाढदिवसाचीच दिली, लक्षात ठेवायला सोपी. रंगाऱ्यानं विचारलं, "काय झालं होतं मुलीला?" मी म्हटलं, "हट्ट." तो म्हणाला, "हल्ली फार वाढलंय त्याचं प्रमाण." त्याला कमी ऐकू येतं.

तुझ्या पोराला मात्र मी हात लावलेला नाही. तेवढी अक्कल आहे मला. आणि नाव माहीत नसताना मारणार तरी कसं? त्याची चौकट तुझ्याखाली कोरीच आहे.

थंडी आता महिन्यावर आली. माझ्या खोलीची खिडकी वाऱ्यानं खडखडते, ती मी तुझ्या पोराच्या मोज्यानं बसवते. हो, तोच. तू दाराशी आली होतीस त्या दिवशी पायरीवर पडलेला. सकाळी झाडताना सापडला. टाकून देणार होते, पण खिडकीच्या फटीत बरोब्बर बसला. लोकरीचा आहे, तूच विणला असणार, टाचेला टाके चुकले आहेत. अठरा हिवाळे काढले त्यानं, म्हणजे तुझ्या विणकामाला अगदीच नावं ठेवायला नकोत.

तुझी आई,
जिवंत, सहीसकट

३० ऑक्टोबर

कै. सुईबाई,

प्रदर्शन झालं. तू हवी होतीस! म्हणजे नव्हतीस तेच बरं, नाहीतर घोटाळा झाला असता.

भिंतीभर वंशावळी चिमट्यांनी लटकवल्या होत्या, आमच्या दुकानाच्या गच्चीवर चादरी लटकायच्या तशा. मी इस्त्रीची साडी नेसले होते. माझ्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी. आधी सासूबाईंच्या तारखांसमोर बायका बोटं मोजत होत्या, मग त्यांची नजर खाली तुझ्या नावावर यायची आणि चेहरेच उतरायचे. धुलाईच्या दुकानाची मालकीण आली होती, जिनं मला तीस वर्षांत एकदा खुर्ची दिली नाही. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "पोटची पोर जाणं शत्रूवरही येऊ नये." मला रडू आलं. खरंखुरं रडू, डोळ्यांतून, नाकातून. किती मोकळं वाटलं सांगू! तू जिवंत असताना मला तुझ्यासाठी कधी रडू आलं नव्हतं.

बाईंनी सगळ्यांना उभं केलं आणि गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. मी पण उभी राहिले. मधेच मला हसू फुटायला लागलं, ते मी पदरात दाबलं. लोकांना वाटलं हुंदका. दादा जिन्यातूनच निघून गेला.

मग चहाच्या वेळी मी त्यांना दाराचा किस्सा सांगितला. मागे एकदा मंडळात सांगितला तेव्हा काय टाळ्या पडल्या होत्या! तू पोर घेऊन खाली उभी, मी वरच्या खिडकीत. तू म्हणालीस, "आई, एकच रात्र. वर्कशॉपमागची खोली फार गार पडते." मी म्हटलं, "लग्न करताना खोलीला शेगडी आहे का विचारलं नव्हतंस?" तू म्हणालीस, "माझ्यासाठी नाही गं, बाळाकडे बघ तरी." आणि ते पिवळं पांघरूण वर केलंस. मी म्हटलं, "गाठोडं आहे का? धुवायचं असेल तर दुकान सकाळी उघडतं." मला सुचतात अशी वाक्यं, आपोआप येतात. त्या पांघरुणातून एक पाय तेवढा बाहेर आलेला दिसला, लाल लाल. आणि खोकला ऐकू आला. मी म्हटलं, वा, पोरालाही नाटक शिकवून आणलंय. आणि खिडकी लावली. तू बराच वेळ उभी होतीस. दार उघडलं असतं तर मी मऊ पडले असते, तू पुन्हा माझ्या डोक्यावर बसली असतीस, एवढं मला कळत होतं.

तर यावेळी हा किस्सा सांगितला आणि कुणीच हसलं नाही. एक त्या रंगाऱ्याशिवाय, आणि त्याला ऐकू येत नाही. मेलेल्या माणसावरचे विनोद लोकांना पचत नाहीत.

मालकिणीनं विचारलं, "आणि ही खाली रिकामी चौकट?" मी म्हटलं, "ते माझं नातवंड. कोरी आहे म्हणजे जिवंत आहे." त्या चौकटीवर बोट ठेवून मी जोरात सांगितलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "नाव नाही, तारीख नाही, म्हणजे खणखणीत आहे! सगळ्या कागदात हीच एक चौकट बघण्यासारखी." त्यांनाही ते पटलं. दोघीतिघींनी तर आपापल्या कागदावरच्या कोऱ्या चौकटींवरून हात फिरवला.

आता कॉलेजात जात असेल ना? उंच असेल. वेल्डर ताडमाड आहे. एक दिवस आपणहून जिना चढून येईल आणि विचारेल, माझी आजी कोण? मी उत्तर पाठ करून ठेवलं आहे. सांगत नाही तुला.

तुझी आई,
दुःखात असलेली, लोकांच्या मते

२१ नोव्हेंबर

अगं सुई, सुई!

हसून हसून माझी बरगडी दुखते आहे. पहिल्यापासून सांगते.

तुमच्या गावातही असंच एक मंडळ आहे. दोन्ही मंडळं एकमेकांना आपल्या वंशावळींच्या नकला पाठवतात. बाई त्या जुळवून बघतात, कुठे एकच माणूस दोन्हीकडे आहे का. आज मी गेले तर बाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "आजी, जरा आत बसता का?" मला वाटलं, सासूबाईंच्या माहेरचं कुणी भांडायला आलं.

त्यांनी टेबलावर एक कागद उलगडला. म्हणाल्या, "आजी, तुम्ही इथे समोर बसला आहात, आणि इथे वारला आहात."

माझं नाव! पूर्ण, काळ्या शाईत! आणि दोन तारखा! मेल्याची तारीख कुठली, तर खिडकीचीच. त्याच दिवशी मारलंस मला, भवाने! मी तुला आत्ता मारलं आणि तू मला तेव्हाच मारून बसली होतीस. कागद मंडळात दिल्याला पंधरा वर्षं होऊन गेली, तसा वर शिक्का आहे. तुलाही तोच नियम, मी जिवंत तर माझी सही हवी, आणि मी काही ती दिली नसती. म्हणून तू सरळ… अगं, मला आधी राग यायला हवा होता, पण मला काय वाटलं सांगू? वाटलं, ही माझी पोर! कुणाची नाही, माझीच! दादाला हे जन्मात सुचलं नसतं.

आणि दोन सह्या कुणाच्या? एक तुझी. दुसरी दादाची! त्यानं आधी मला मारलं, मग तुला मारलं, आणि रोज सकाळी मला चहा करून देतो. मी बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले. म्हटलं, "बाई, मला दोन मिनिटं शांतता पाळा." बाई हसल्या नाहीत.

तुझी चौकट कोरी आहे. वेल्डरची कोरी. त्याखालच्या चौकटीवर बाईंनी हात ठेवला होता. मला वाटलं, वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून.

उरलेलं उद्या लिहिते. पाय दुखतात.

२२ नोव्हेंबर

सुई,

कालचं पाकीट बंद केलं नव्हतं. त्यातच हेही घालते.

बाईंचा हात मी काढायला लावला. चौकट भरलेली आहे.

मला आधी वाटलं, लिहिणाऱ्यानं चुकून माझंच नाव दोनदा घातलं. वर माझं आणि खालीही माझंच. मग बाईंनी सांगितलं, "चूक नाही, आजी. ही नात. आजीचं नाव ठेवलेलं दिसतं." म्हणजे मुलगी. म्हणजे त्या दिवशी पांघरुणात माझंच नाव होतं, आणि तू खालून ते सांगितलंसुद्धा नाहीस. सांगितलं असतंस तर. जाऊ दे. तुला कुठे वेळेवर बोलता येतं!

पुढे दोन तारखा आहेत. दुसरी तारीख त्याच आठवड्यातली आहे.

आता नीट ऐक. मला सगळं कळलं आहे. माझी तारीख तू खोटी लिहिलीस. मी इथे बसून चहा पिते आहे, म्हणजे खोटीच. त्याच कागदावर, त्याच हातानं लिहिलेली दुसरी तारीखही मग खोटीच असणार. मला टोचायचं होतं तुला. मुद्दाम आठवडासुद्धा तोच निवडलास, म्हणजे बरोब्बर जागी टोचेल. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. यापेक्षा चांगलं मलाही सुचलं नसतं.

बाई म्हणतात, तिच्या तारखेपुढे तुमच्या गावच्या दप्तराचा नोंद क्रमांक आहे, माझ्यापुढे नुसत्या सह्या आहेत. नंबर काय, कुणीही लिहितं. आमच्या दुकानात मी दिवसाला दोनशे लिहायचे. बाई म्हणाल्या, "हवं तर पत्र पाठवून खात्री करून घेऊ." तो कंगवेवालाही म्हणाला, एका फोनचं काम आहे. मी म्हटलं, "काही गरज नाही. माझ्या लेकीला मी ओळखते."

दादाला विचारलं नाही. त्यानं सकाळी चहा दिला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून प्यायले. त्याच्या तोंडावर सगळं लगेच दिसतं, म्हणून. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बाईंनी सांगितलं मला." मी म्हटलं, "कपात साखर कमी आहे." तो गेला.

तू सांग. तुझ्या तोंडावर काही दिसत नाही, ते तू माझ्याकडूनच घेतलंस. एक ओळ पुरे. लिही की आई, कशी जिरवली. लिही की ती वर्कशॉपमागून आत्ताच आली, दप्तर फेकलं आणि तुझं पत्र वाचून हसते आहे. कशी हसते तेही लिही. मला शिव्या घाल, दोघी मिळून घाला. मी मंडळात तो कागद सगळ्यांना दाखवीन आणि सांगेन, बघा, मी हरले. कधी म्हटलं नव्हतं ते म्हणते. हरले गं. हा डाव तुझा. आता पानं खाली टाक आणि सांग की नुसता डाव होता.

आपल्या कागदावरची तिची चौकट मी कोरीच ठेवली आहे. रंगारी ब्रश घेऊन आला होता, त्याला हाकलून दिलं. तू लिहीपर्यंत कुणाला हात लावू देणार नाही.

खिडकीतला मोजा काढला. खिडकी खडखडते, खडखडू दे. कोमट पाण्यात धुतला, टॉवेलात दाबून वाळवला, वरून ओलं फडकं ठेवून हलक्या हातानं इस्त्री केली. अठरा हिवाळ्यांची धूळ निघाली, आतून पिवळा आहे. तळहातावर ठेवला तर बोटांपर्यंतही येत नाही.

या पाकिटात घालणार होते. मग नाही घातला. एवढ्या मोठ्या मुलीला तो कशाला?

कै. आई